हॅरो लेक, लोकसंख्या अठराशे सेहेचाळीस

जळते मी वहिनींवर. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की वनमालाबाई वरून गोड बोलतात आणि आत वेगळंच शिजवतात. माझं आत-बाहेर एकच आहे. सुलोचनावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, सराफ्याच्या मागच्या गल्लीत, एकाच जिन्याच्या खालीवर आम्ही राहतो. त्या वर, मी खाली. दोघींचेही नवरे गेले. आधी माझे श्रीपाद, मग थोरले दीर पांडुरंगराव. आता सकाळी वरून हाक येते, "वनमाला, चहा टाकलास का गं?" मी खालून म्हणते, "टाकलाय, या." त्या येतात, आणि पहिल्या घोटालाच शंतनूचं नाव निघतं.

शंतनू त्यांचा मुलगा. एकुलता एक. त्यांच्या पोटी जन्मला, कोण नाही म्हणतंय! पण वहिनी सरकारी दवाखान्यात नर्स, आणि नोकरी शिवपुरीला. शनिवारी संध्याकाळच्या बसने यायचं, सोमवारी पहाटे परत जायचं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा शंतनू धरून धरून चालत होता. तेव्हापासून बारावी होऊन बाहेर पडेपर्यंत त्याचं दूध, डबा, गोवर, गृहपाठ, सायकलवरून पडणं, सगळं माझ्या पदरात. मला मूल झालं नाही. त्याबद्दल कुणी फारसं विचारलंही नाही, कारण घरात मूल होतंच की! शनिवार आला की वहिनी पिशवीतून खेळणं काढणार, आणि तो "आई, आई" करत त्यांच्या गळ्यात पडणार. मी आत पोळ्या लाटत असायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मनात म्हणायचे आणि लाटणं जरा जोरात फिरवायचे.

बरं, बाई वाईट असती तर निदान भांडता आलं असतं. तेही नाही. माझ्यासाठी दर दिवाळीला साडी आणणार, तीही माझ्या आवडीच्या रंगाची. मला मलेरिया झाला तेव्हा रजा घेऊन माझ्या उशाशी बसल्या होत्या. अशा माणसावर जळायचं म्हणजे दुप्पट कष्ट.

मी हजिरा भागातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. संध्याकाळी घरी वह्या तपासायला बसले की शंतनू नकाशांचं पुस्तक उघडून शेजारी पालथा पडायचा. "काकू, हे निळं काय? काकू, इथे कोण राहतं?" नद्या, पठारं, सरोवरं, सगळं त्याला मी शिकवलं. पुढे तो इंजिनिअर झाला, अमेरिकेला गेला, श्रुतीशी लग्न केलं, आणि दूध पावडरच्या एका कारखान्यात नोकरी लागून मिनेसोटा राज्यातल्या एका गावात जाऊन राहिला. गावाचं नाव हॅरो लेक. नावातच सरोवर आहे. बातमी आली तेव्हा वहिनी गल्लीभर सांगत फिरल्या, "आमचा शंतनू अमेरिकेत, बहुत बडी जगह है." आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत आनंद झाला की हिंदी आपोआप येते.

बडी जगह! मी त्याच दुपारी फोनवर बसून गाव शोधून काढलं. लोकसंख्या अठराशे सेहेचाळीस. मागच्या जनगणनेपेक्षाही घटलेली, कारण तरुण माणसं शहरात निघून जातात आणि म्हातारी मासे धरत बसतात. एक मोठा रस्ता, त्यावर एक पेट्रोल पंप, दोन चर्च, धान्याची उंच कोठारं आणि पाण्याची टाकी, टाकीवर गावाचं नाव. गावात दवाखाना आहे, पण बाळंतपण करणारं इस्पितळ नाही. त्यासाठी बाजूच्या मोठ्या गावी जावं लागतं. सरोवर उत्तरेला, लांबट, मधून जरा वाकलेलं. हिमनदीने फार पूर्वी जमीन खरवडली, मागे खड्डा राहिला, त्यात पाणी साठलं. हिवाळ्यात ते इतकं गोठतं की लोक त्यावर मोटारी नेतात, लाकडाच्या खोल्या उभ्या करतात आणि बर्फाला भोक पाडून मासे काढतात. मला सगळं पाठ झालं. का झालं? कारण पोर माझं तिथे राहत होतं आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींचं सुरू झालं. अमेरिका अशी, अमेरिका तशी. आमच्या समोरच्या लीलाताई तोंडाचा आ करून ऐकत होत्या. मला राहवलं नाही. मी तिळगूळ वाटता वाटता म्हटलं, "अहो लीलाताई, अमेरिका म्हणजे न्यूयॉर्क नव्हे हं. त्याच्या गावात माणसं अठराशे. आपल्या बाड्याच्या चौकात दिवाळीत एका रांगेत याहून जास्त उभी असतात. आपल्या शेजारच्या डबरा गावातला एखादा मोहल्ला म्हणा." मला वाटलं, आता वहिनींचा फुगा फुटला. तर लीलाताई म्हणतात, "अय्या, फक्त अठराशे? किती शांत असेल! नाहीतर आपलं बघा, दिवसभर टेम्पोचं पीं पीं." बाकीच्या बायकाही लगेच, "हवा किती शुद्ध असेल, पाणी किती गोड असेल." वहिनी समाधानाने हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वनमालाला सगळं माहीत असतं त्या गावाचं, तिलाच विचारा." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

मग गेल्या दिवाळीआधी फोन आला. श्रुतीला दिवस गेले होते, फाल्गुनाच्या आधी बाळ येणार होतं. श्रुतीला आई नाही. तेव्हा बाळंतपणाला इथून कुणीतरी जायला हवं. फोन वहिनींच्या हातात होता, स्पीकर चालू होता, मी चहा गाळत होते. शंतनू म्हणाला, "तुम्ही दोघीही या ना. काकू, तू पण. मी बोलावण्याचं पत्र दोघींच्या नावाने पाठवतो." माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. काकू, तू पण! या तीन शब्दांवर मी दिवाळी काढली. दारापुढे दरवर्षी मोर काढते, त्या वर्षी हॅरो लेक काढलं. निळ्या रांगोळीचं वाकडं सरोवर, काठाने पांढरे बर्फाचे ठिपके, दक्षिणेला रस्ता, कोपऱ्यात पाण्याची टाकी. लीलाताईंनी विचारलं, "हे काय गं, भोपळा का?" मी सांगायला तोंड उघडलं, तोच वहिनी जिन्यावरून म्हणाल्या, "माझ्या शंतनूचं गाव आहे ते." माझ्या शंतनूचं! रांगोळी माझी, कंबर माझी मोडलेली, आणि शंतनू यांचा.

व्हिसासाठी दिल्लीला गेलो, पहाटेच्या गाडीने. वहिनी वाटेत जप करत होत्या आणि मी अक्षांश-रेखांश. म्हटलं, विचारतील, गाव कुठे, कसं, तुम्ही खरंच तिथेच जाणार का. आपली तयारी पक्की हवी. शिक्षकी पेशा, तयारीशिवाय परीक्षेला कसं बसायचं? वहिनींना म्हटलं, निदान गावाची लोकसंख्या तरी लक्षात ठेवा. त्या म्हणाल्या, "राहू दे गं, तू आहेस ना सोबत."

अमेरिकेच्या वकिलातीत गेल्यावर दोघींना एकाच खिडकीवर पाठवलं. खिडकीत एक तरुण गोरी बाई बसलेली. हिंदी बोलत होती, आणि लीलाताईंपेक्षा शुद्ध. आधी वहिनी. "किसके पास जा रही हैं?" "बेटे के पास." "क्यों?" "बहू की डिलिव्हरी है." "पहला पोता-पोती?" वहिनींनी नुसती मान हलवली आणि त्यांचे डोळे भरून आले. बाई हसली, अभिनंदन म्हणाली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. झालं. एवढंच. गाव कुठे आहे हेही विचारलं नाही.

मग मी. "आपका क्या लगता है वो?" मी म्हटलं, "भतीजा." "आपके अपने बच्चे?" "नहीं हैं." "पति?" "नहीं रहे." "ग्वालियर में और कौन है?" आता काय सांगणार! जी होती ती शेजारी उभी होती आणि अमेरिकेला चालली होती. मी बोलायला लागले. म्हटलं, मैंने पाला है उसे. म्हटलं, मला त्याचं गाव सगळं माहीत आहे. सरोवर कुठल्या बाजूला, हिवाळ्यात किती गोठतं, लोकसंख्या अठराशे सेहेचाळीस, दूध पावडरचा कारखाना गावाच्या पूर्वेला. मी भरभरा बोलत होते आणि ती बाई माझ्याकडे फार सहानुभूतीने बघत होती. तेव्हाच ओळखलं मी. जितकं जास्त सांगावं तितकं तिला वाटत होतं, ही गेली की परत यायची नाही. हिचं इथे आहे कोण? पासपोर्ट परत आला, सोबत एक छापील कागद. "आय अंडरस्टँड," ती म्हणाली. काय अंडरस्टँड, कपाळ!

परतीच्या गाडीत वहिनींनी पेरू कापून माझ्यापुढे धरला. "पुढच्या वेळी होईल गं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. एका शब्दात पास झाल्या या. मी आयुष्यभर घोकलं आणि मला शून्य. आई म्हटलं की दार उघडतं, काकू म्हटलं की कागद हातात देतात. मला इतका राग आला होता की तो पेरूही मी खाल्ला नाही, आणि पेरू माझ्या आवडीचा.

पण खरी परीक्षा पुढेच होती. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनी वही-पेन घेऊन खाली आल्या. चेहरा उतरलेला. "वनमाला, मी एकटी जाणार आता. मला घाबरायला होतंय. ते गाव मला नीट शिकव."

म्हणजे बघा! लग्न यांचं आणि अक्षता मी निवडायच्या. एकदा मनात आलं, उत्तरेला दक्षिण म्हणून सांगावं, फिरू दे बर्फात. पण चुकीचा नकाशा माझ्या हातून काढवत नाही. दुपारभर शिकवायचे. घरातून निघालात की उजवीकडे चर्च, चर्चच्या मागे किराणा. सरोवरावर लोक मोटारी नेतात ते बघून तुम्ही पाय ठेवायचा नाही. अंगात थरावर थर कपडे घालायचे, एकच जाड स्वेटर उपयोगाचा नाही. वहिनी विद्यार्थिनी म्हणून अगदी ढ. "म्हणजे ते आपल्या सागरताल तळ्यासारखं ना?" असं दररोज विचारायच्या. शाळेत असत्या तर बाकावर उभं केलं असतं.

डिंकाचे लाडू मी वळले. सराफ्यातून बाळासाठी चांदीचे वाळे मी निवडून आणले. मुरैन्याची तिळाची गजक, ओवा, बाळंतशेपा, सगळं मी बांधलं. जानेवारीत त्या निघाल्या तेव्हा गल्लीतले सगळे त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले, आणि मी स्वयंपाकघरात गॅसची शेगडी पुसत राहिले. ती स्वच्छच होती. वहिनी पुन्हा आत आल्या, मला मिठी मारली आणि रडल्या. मला रडू आलं नाही. मला त्यांच्या अंगावरचा नवा कोट दिसत होता.

तिथे पोचल्यावर रोज फोन. "वनमाला, आज किराण्याच्या दुकानात एकटी गेले. तू सांगितलंस तसं चर्चच्या मागूनच." "वनमाला, ते सरोवर गं, किती मोठं! तू रांगोळीत काढलंस ते काहीच नाही." त्यांच्या मागे खिडकी दिसायची, खिडकीत पांढरं सपाट सरोवर, आणि त्यावर त्या मासे धरायच्या लाकडी खोल्या. मी सगळं ओळखत होते. बघत त्या होत्या. फोन ठेवला की माझं जेवण कडू व्हायचं. मीच स्वतःला म्हणायचे, वनमाला, पुरे आता, पासष्टी आली. पण जळणाऱ्या माणसाला वय सांगून काय उपयोग!

फेब्रुवारीत एक दिवस भर दुपारी मी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसले होते. फोन वाजला. शंतनू. तिथे तेव्हा रात्र असणार, म्हणून मी घाईघाईने उचलला. पडद्यावर त्याचा चेहरा, दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि हसतोय. "काकू, मुलगी झाली!" इस्पितळात होता, बाजूच्या मोठ्या गावी. बर्फाचं वादळ येणार म्हणून श्रुतीला घेऊन तिथल्या दुपारीच निघाला होता, आणि वहिनी घरी हॅरो लेकला थांबल्या होत्या. त्याने फोन फिरवला आणि मला ती दाखवली. कापडात गुंडाळलेली, लालबुंद, मुठी आवळलेली. मी काय बोलले ते मला आठवत नाही. मटार सगळे गच्चीभर सांडले होते.

मग मी विचारलं, "आईला सांगितलंस का?"

"नाही अजून. इथे मध्यरात्र उलटली आहे, ती झोपली असेल. सकाळी सांगतो. तुझ्याकडे दिवस आहे म्हणून लगेच केला." मग म्हणाला, "तसं नाही, काकू. मला तुलाच आधी सांगायचं होतं."

मी फोन ठेवला आणि गच्चीवर एकटीच हसत सुटले. देवापुढे साखर ठेवली. इतकी वर्षं शनिवारी संध्याकाळी जे माझ्याकडून जायचं ते आज माझ्याकडे आलं होतं, आणि तेही बाई तिथे त्याच्याच घरात बसलेली असताना. मला माझ्या नातीपेक्षा, हो, नातच म्हणणार मी, नातीपेक्षा या गोष्टीचा आनंद जास्त झाला की काय, असं क्षणभर वाटलं. झाला असेल. मी काही संत नाही.

दिवेलागणीला वहिनींचा फोन आला. त्यांच्याकडे नुकतं उजाडत होतं. "वनमाला, मुलगी झाली गं!" आवाज चिरकलेला. "शंतनूचा आत्ताच फोन आला होता. सगळ्यात आधी तुलाच सांगते आहे."

मी गप्प बसू शकले असते. अगंबाई, खरंच, कधी, असं म्हणायला काय लागत होतं! पण जिभेवर आलेलं मागे घ्यायचा माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, "मला दुपारीच कळलं. त्याने झाल्या झाल्या केला होता. दाखवली पण मला."

पडद्यावर वहिनी दिसत होत्या, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, अंगावर शाल, डोक्यावरचे दिवे अजून चालूच.

"म्हणजे इथे रात्री," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी जागीच होते गं. याच खुर्चीत. फोन हातातून खाली ठेवला नव्हता, म्हटलं वाजेल आणि मला ऐकू यायचं नाही."

मला जे इतकी वर्षं हवं होतं ते माझ्यासमोर बसलं होतं, शाल पांघरून. त्यांनी डोळे पुसले नाहीत. त्या माझ्याकडे रागानेही बघत नव्हत्या. उलट त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं, आणि मागायला त्या संकोचत होत्या.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं. "मला अजून दाखवली नाही त्याने. बॅटरी संपत आली म्हणाला, दोन शब्द बोलून ठेवला. रस्ता मोकळा झाला की न्यायला येणार आहे. तू बघितलीस ना? सांग ना, कुणासारखी आहे?"

मी दुपारपासून तोच चेहरा डोळ्यांपुढे आणत होते. कपाळ श्रुतीचं, हनुवटी शंतनूची. त्यात माझं काही कसं असणार, पण मी शोधलं होतं, खोटं कशाला बोलू.

"नाक तुमचं आहे, वहिनी," मी म्हटलं. "अगदी तुमचंच."

त्या हसल्या, आणि मग मात्र रडायला लागल्या. आणि मी त्यांच्या समाधानासाठी बोलले नव्हते, तेच तर वाईट. नाक खरंच त्यांचंच होतं.